सुनंदाताई आणि जानेवारीचं पाणी

रियाधमधल्या आमच्या वसाहतीतला तरणतलाव हिवाळ्यात ओस पडतो. पाणी तापवायची सोय नाही. बारा वर्षांपूर्वी, इथे नवीन असताना, जानेवारीतल्या एका सकाळी बायकांच्या राखीव वेळेत मी स्वेटरवर शाल गुंडाळून तिथे डोकावले, तर एक बाई लालबुंद होऊन पाण्यातून बाहेर येत होत्या आणि चक्क हसत होत्या! त्या सुनंदाताई. मूळच्या नाशिकच्या, इथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट.

“ताई, थंडी नाही वाजत?”

“वाजते की! पण नंतर दिवसभर जी तरतरी राहते ना, ती चहाने येत नाही.”

दुसऱ्याच दिवशी मी पोहण्याचा नवा पोशाख घेऊन हजर झाले. ताईंनी मला आधी स्वतःच्या घरी नेऊन रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला.

“आज पाणी नाही. आज डॉक्टर.”

“अहो, मला काहीसुद्धा होत नाहीये!”

“गार पाण्यात शिरलं की श्वास अडतो, रक्तदाब उसळतो. तुझा आधीच चढलाय. चल, मी येते.”

मला भयंकर राग आला. डॉक्टरांनी मात्र रक्तदाब पाहून मला घरी सोडलंच नाही, दाखल करून घेतलं. माझे पती कामासाठी दूर जुबैल शहरात होते. ते पोचेपर्यंत, जेमतेम एका दिवसाच्या ओळखीवर, ताई रजा टाकून माझ्याजवळ बसून राहिल्या.

पुढे औषधांनी रक्तदाब आटोक्यात आला, डॉक्टरांनी परवानगी दिली. ताईंनी मला ऑक्टोबरपासूनच पाण्यात उतरवलं, म्हणजे पाणी गार होत जाईल तशी अंगाला सवय होईल. आणि मग जानेवारी!

“श्वास कोंडू नकोस. सोड... सोड!”

अंगभर सुया टोचल्या. मिनिटभरात त्यांनी मला बाहेर काढलं आणि टॉवेलात गुंडाळलं, तरी मी काठावर आनंदाने उड्या मारत होते!

गार पाण्याने सगळे आजार पळतात, असं ताई कधीच म्हणत नाहीत. कुणी मधुमेहावर गुण येईल का विचारलं, तर सरळ सांगतात, “ते मला ठाऊक नाही. मन प्रसन्न राहतं, एवढं माझ्या अनुभवाचं.”

आता आम्ही सातजणी त्यांच्याबरोबर उतरतो. ताईंच्या साठाव्या वाढदिवशी हार घेऊन तलावावर गेलो, तर ताई पाण्यातूनच ओरडल्या, “हार नंतर! आधी आत या, यल्ला, चला!”

ताई, तुमचा दम, तुमचे गुडघे आणि हा खणखणीत आवाज शंभरीपर्यंत शाबूत राहोत. आम्ही येतोच आहोत!