मासोळीवालीची पुडी

सानगडीच्या बाजारात ती तळ्यातली मासोळी विकते. गुडघ्यांना रुईची पानं बांधून, पाय लांब करून बसायची. गिऱ्हाइकाआधी गुडघ्यांनाच शिव्या द्यायची. परवा मात्र उकिडवी बसून मासोळी कापत होती. चेहरा सुजून गोल झालेला.

"वैद्याची पुडी खाऊन राहिलो, बाई. पाहा, अंगही धरलं!"

"अंग नाही, सूज आहे ती. असल्या पुड्यांत स्टेरॉइड घालतात. डॉक्टरला दाखव," मी म्हणाले.

"डॉक्टर म्हणते, उमर झाली. पुडीनं मले उठवलं."

डॉक्टरला दाखवायला म्हणून मीच एक पुडी मागितली. ती हसली. "लाजता कायले? तुम्हीबी लंगडूनच राहिल्या ना!"

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्यात कळ आली आणि हात पर्समधल्या पुडीकडे गेला.