फोटो स्वच्छ निघाला

सिद्धरामेश्वरापुढं उभं राहून मी एकदा वाईट मागणं मागितलं होतं: राजय्याच्या डोक्याच्या फोटोत काही निघू नये. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, घरातही नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सोलापुरात एका मागाच्या कारखान्यात मी जॉबर होतो. माग दुरुस्त ठेवायचे आणि विणकरांकडून काम करून घ्यायचं, एवढं माझं काम. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावणारा धोटा उडून कुणाला लागू नये म्हणून मागाला एक आडवी सळई असते. तुटलेला धागा जोडताना ती हाताला अडते, वेळ जातो, म्हणून राजय्याच्या एका मागाची सळई मीच काढून ठेवली होती. तो समोरासमोरचे दोन माग चालवायचा. एका दुपारी बाकीचे जेवायला गेलेले असताना तो एका मागावर वाकला आणि पाठीमागच्या मागाचा धोटा उडून त्याच्या डोक्यात बसला. तो निपचित पडला. मी आधी सळई जागेवर बसवली, मग त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो शुद्धीवर यायला दहा मिनिटं तरी गेली असतील. मालकांना सांगितलं, "वाकताना मागाला डोकं थटलं. लगेच उठला."

त्यानंतर राजय्याचं डोकं रोज दुखू लागलं. मागांचा आवाज सोसेना, सांगितलेलं ध्यानात राहीना. एक्स-रे साफ होता. कारखान्यातली पोरं चिडवायची, "राजय्या, तुझं डोकं हाय का भोंगा? रोज टायमाला वाजतंय की!" मीही हसायचो. शेवटी आमच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईला पाठवलं. डोक्याला मार लागून महिनोन्‌महिने त्रास राहिलेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढून तिथले एक डॉक्टर अभ्यास करत होते. नवं यंत्र आलं होतं. मालक म्हणाले, फोटोत काही निघालं तर हलकं काम देऊ, नाही तर त्यानं घरी बसावं. सोबत मला धाडलं. मार मोठा ठरला तर सळईची चौकशी होईल, या भीतीनं निघण्याआधी मी देवळात गेलो, ते मागणं मागायला.

देवानं ते दिलं. फोटो स्वच्छ निघाला. सोबत आलेली राजय्याची बायको नरसव्वा खालीच बसली. डॉक्टर म्हणाले, "फोटोत दिसत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं. तेच तर आम्ही शोधतोय. मार लागला तेव्हा शुद्ध हरपली होती का? किती वेळ?" राजय्याला काहीच आठवत नव्हतं. नरसव्वा माझ्याकडं वळली, "जॉबरमामा, तुमी हुता की तितं?"

"लगेच उठला," मी म्हणालो. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

बाहेर बाकावर डोक्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा बसला होता. बोली आपल्याकडची, दखनी. त्यानं विचारलं, "क्या निकला?" काही निघालं नाही म्हटल्यावर हसला. "फोटू तो आज का है ना जी. मार उस दिन का. उस दिन कौन खडा था, उसकू पूछो." तेवढ्यात त्याला हाक आली आणि तो आत गेला. मी कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.  देवाला मी फोटो कोरा मागितला होता, पण मी पाहिलेलं कुठं कोरं होत होतं?

मी उठलो, पुन्हा डॉक्टरांकडं गेलो आणि राजय्या-नरसव्वासमोर त्या दिवशीचं सगळं सांगितलं, सळईसुद्धा. डॉक्टरांनी आधीची ओळ खोडली, नवी लिहिली आणि मालकांना चिठ्ठी दिली.

नरसव्वा रडली नाही. म्हणाली, "सा म्हैने मी ह्यास्नी शिव्या घातल्या, मामा. तुमच्या शब्दावर." राजय्या म्हणाला, "म्हंजे मी सोंग करत न्हवतो. मलाच तसं वाटाय लागलं हुतं."

मालकांनी त्याला कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, आवाजापासून लांब काम दिलं. माझी जॉबरकी गेली, मी पुन्हा मागावर उभा राहिलो. राजय्याचं डोकं पुढंही वर्षानुवर्षं दुखत राहिलं, चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. त्या म्हाताऱ्याला देवानं धाडलं का, हेही मला सांगता येत नाही. माझ्याकडून वदवून घेतलं, एवढं मात्र देवाचं देणं. मागणं कसलं मागावं याची अक्कल आपल्याला नसते, हे कळल्यापासून मी सोमवारी देवळात नुसते हात जोडतो. आणि राजय्या भेटला की विचारतो, "आज कसं हाय?" तो जे सांगेल ते खरं धरतो.