श्रीखंडाच्या डब्यातला कोळी

कतारला, दोह्यात बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतं. एक फ्रीजमध्ये, नाहीतर मॉलमध्ये, जिथे पोरं पायात सुऱ्या बांधून घसरत असतात. आणि नातीच्या शाळेने विज्ञान प्रदर्शनाला विषय काय द्यावा? डोंगरावरची हिमनदी वितळून मागे सरकली, की खाली उघडी पडलेली जमीन पुन्हा जिवंत कशी होते! वाळवंटातल्या पोरांना बर्फ देतात, तर बर्फातल्या पोरांना उंट देत असतील, दुसरं काय.

वर्ल्ड कपला तेव्हा दोन-तीन वर्षं होती आणि सगळं शहर खणून ठेवलेलं होतं. माझा मुलगा रस्त्यांचा इंजिनियर, ऑफिस अल रय्यानला. आज कुठला रस्ता कुठून वळवला हे तो रोज जेवताना सांगायचा, आणि सकाळी स्वतःच चुकायचा. आम्ही राहायचो अल हिलालला. आमच्या बिल्डिंगशेजारचा जुना व्हिला पाडला होता आणि त्या जागेत वर्षभर कुणा कंत्राटदाराचे पाइप आणि कंटेनर पडून होते. एक दिवस क्रेन आली, सगळं उचललं, बुलडोझरने तळ खरवडला आणि माणसं निघून गेली. खाली राहिला पांढरा दगड आणि खडी. गवताचं पातं म्हणून नाही.

इकडे बिल्डिंगमध्ये थर्माकोलचा हिमालय चढायला लागला. लिफ्टमध्ये माणूस मावेना. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाचा डोंगर तर त्याच्या वडिलांच्या ऑफिसातल्या नकाशे काढणाऱ्याने केला. आतून निळा दिवा, आणि पायथ्याशी प्लॅस्टिकचा पेंग्विन. पेंग्विन! मी सातवीपर्यंत शिकले, नंतर मिळेल ते वाचत गेले. पण पेंग्विन हिमालयात नसतो एवढं मलाही कळतं. बाई म्हणाल्या, "काकू, शोभा येते हो."

माझी नात तेव्हा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. तिची अडचण वेगळीच होती. शाळेच्या तक्त्यात क्रम दिला होता: आधी शेवाळ, मग गवत, मग गवत खाणारे किडे, आणि शेवटी त्या किड्यांना खाणारे कोळी. पण तिने कुठेतरी वाचलं, की काही डोंगरांवर लोकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर उलटंच निघालं. गवताचा पत्ता नाही आणि कोळी आधीच हजर. टीचर म्हणाल्या, तक्ता सोडू नकोस. आणि तिला तर शाळेतर्फे पुढच्या स्पर्धेत जायचंच होतं, वर्षभर तेच चाललं होतं. मला विचारायला लागली, कुणाचं खरं मानू?

मी म्हटलं, "खिडकीतून खाली बघ. बर्फ नाहीये, पण नुकतीच उघडी पडलेली जमीन आहे ना?"

ते संशोधक म्हणे जमिनीत काठापर्यंत पेले पुरतात. चालता चालता किडा आत पडतो, गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. आता मराठी घरात पेल्यांची काय कमी! भारतातून येणारा प्रत्येक जण श्रीखंड आणतो आणि रिकामा डबा टाकायची कुणाची छाती होत नाही. सुनेने त्यांत कढीपत्ता, खोबरं, सुया-दोरा, काय काय भरलेलं. मी आठ डबे रिकामे केले. खणायला घरातलं उलथनं नेलं, ते पहिल्या खड्ड्यातच वाकलं. शेवटी वॉचमन हसत पहार घेऊन आला.

रोज सकाळी शाळेच्या बसआधी आम्ही दोघी खाली उतरायचो. ती डबे बघायची, वहीत लिहायची आणि जो सापडेल त्याला सोडून द्यायची. चार दिवस नुसती वाळू. मुलगा म्हणाला, "आई, साइट क्लिअर केलीय ती. तिथे काय असणार?" त्याच्या त्या साइट क्लिअरमध्ये आम्ही भाजी आणायला गेलो तरी दोनदा अडकायचो, ते सोडा.

पाचव्या दिवशी डब्यात कोळी. गव्हाच्या रंगाचा, मेथीच्या दाण्याएवढा. शेजारी एक कसर, आपल्या पुस्तकांत होते ना, तसली चंदेरी. मुलगा बघायला आला आणि म्हणाला, "पण हा खातो काय? खडी?" नातीने डबा तिरपा केला. तळाशी माशीचे दोन पंख, एक वाळलेलं चिलट.

"विंड ब्रिंग्ज इट, बाबा," ती म्हणाली.

वारा आणतो. कुठून कुठून अर्धमेल्या माश्या, धूळ, कचरा उडत येतो, आणि खाणारा आधीच दबा धरून बसलेला असतो. मी म्हटलं, यात नवल ते काय? या शहरात रस्ता व्हायच्या आधी सल्ला देणारे आले, बॅगा घेऊन. ज्यांनी तो बांधायचा त्यांना नंतर बिरकत अल अवामेरच्या मजूरवस्तीतून बसमध्ये कोंबून आणतात. मुलगा म्हणाला, "आई, मीपण आधीच आलोय हं." मी म्हटलं, "मग जेव."

सातव्या दिवशी एक काळा भुंगेरा आला. आणि नवव्या दिवशी मुंग्या, तीन डबे भरून. पोर हरखली. आलेखाची रेघ अशी वर गेली की कागद पुरेना.

दहाव्या दिवशी ती माझ्या आधी खाली जाणार होती, पण मी तिच्याही आधी गेलेली होते. मागून आली आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. माझ्या चिमटीत पीठ होतं.

आता काय सांगू? पोळ्यांचं पीठ घेतलं की चिमूटभर मुंग्यांना, ही माहेरची सवय. चौथ्या मजल्यावर कुठल्या मुंग्या, म्हणून इतकी वर्षं ती चिमूट तशीच राहून गेली होती. खाली मोकळी जमीन दिसली आणि हात आपोआप सुटला.

"आजी, यू फेड देम?"

मी म्हटलं, "जन्मभर घातलंय गं."

ती खडीवरच बसली. म्हणजे मुंग्या वाऱ्याने नाही, माझ्या पिठाने आल्या. तिने एकच विचारलं, कधीपासून? काल-परवापासून म्हटलं असतं तर भुंगेरा तरी वाचला असता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिने पेन उघडून धरलं होतं. मी खरं ते सांगितलं: पाचव्या दिवशी कोळी दिसला, तेव्हा वाटलं इथे कुणी राहायला आलंय, म्हणून सहाव्या दिवसापासून.

तिने सहाव्या दिवसापासून पुढचं सगळं लाल पेनने खोडलं. उरला एक कोळी आणि एक कसर.

इंजिनियर साहेबांचं मत, मुंग्या ठेव, आलेख छान दिसतो, कोण विचारतंय! आणि टीचरला हवंय तर गवताचीही एक रेघ ओढ. असल्याच अकलेने रस्ते वळवतात, म्हणून चुकतात. मी हे बोलले नाही, कारण पीठ माझं होतं. पोरीने बापाकडे बघितलं आणि वही मिटली.

प्रदर्शनाला मी गेले होते. परीक्षकांनी निळ्या दिव्यापुढे पाच मिनिटं फोटो काढले. आमच्या टेबलावर वही आणि श्रीखंडाचा डबा, केशर-पिस्ता. एकाने विचारलं, बाकीचं काय झालं, एवढं खोडलंय का? ती म्हणाली, माझ्या आजीने मुंग्यांना पीठ घातलं, म्हणून ते धरलं नाही. सगळे हसले. मी मागेच उभी होते, पदर सारखा केला. टीचरने विचारलं, गवत कुठेय? ती म्हणाली, अजून उगवलेलं नाही.

पेंग्विनला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या स्पर्धेलाही पेंग्विनच गेला. जाऊ दे, हिमालयात राहू शकतो तो कुठेही जाईल.

घरी येताना गाडीत मला वाटलं, आता डबे परत कढीपत्त्याला मोकळे. शुक्रवारी सकाळी बघते तर ही पहार घेऊन दारात. जमिनीच्या पार दुसऱ्या टोकाला आम्ही आठही डबे नव्याने पुरले. वहीत तिने एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं: आजी. रोज मी तिथे लिहायचं, आज पीठ घातलं की नाही, आणि खाली सही. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा, आणि बरोबरच होतं ते. रोज परातीतून चिमूट उचलली जायची आणि परत परातीत पडायची.

सातव्या दिवशी डब्यात कोळी आला. माझ्या रकान्यात सात वेळा 'नाही'. मुंगी एकही नव्हती. मला जरा वाईटच वाटलं. तिने वही पुढे केली, मी सही केली.