एका दमात एकोणतीस

परभणी स्टेशनवर गाडी सुटताना आई रडली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण ती, रडणारी पोरं तिला मुळातच आवडत नसत. खिडकीच्या गजांतून तिने दशम्यांचा डबा माझ्याकडे सारला आणि म्हणाली, "मधे थांबायचं नाही. दम तुटला की पुन्हा पहिल्यापासून. माहितीय ना?" समोरच्या बाईंना वाटलं असेल, पोरगी पळण्याच्या शर्यतीला चाललीय. मी चालले होते दिल्लीला, न्यूरॉलॉजी शिकायला.

ते वाक्य तिच्या वर्गातलं. एकोणतीसचा पाढा तिच्याकडे एका दमात म्हणावा लागे. हात मागे बांधायचे, छातीभर श्वास घ्यायचा आणि सुटायचं. मधे श्वास घेतला तर आई मारायची नाही, ओरडायचीही नाही. नुसतं बोट वर करायची. मग पुन्हा एकोणतीस एके एकोणतीस. घरी मलाही तोच कायदा, मास्तरणीची लेक म्हणून सवलत नाही.

दिल्लीत पहिलं वर्ष माझा दम रोजच तुटत होता. हिंदी बोलायला गेले की तोंडातून परभणीची हिंदी बाहेर पडायची आणि बरोबरचे रेसिडेंट खदाखदा हसायचे. थंडी तर अशी की पेशंटचे रिफ्लेक्स तपासायची हातोडी हातातून निसटायची. पण आमचे सर भारी होते. त्यांच्या वॉर्डात एकच शिस्त होती. सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंट पेशंट तपासणार, मोठ्याने सांगत सांगत, आणि तो संपवेपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही. सर स्वतःसुद्धा नाही. ते खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे राहायचे. आजार नेमका कुठे आहे हे आधी हाताने शोधायचं, स्कॅनची फिल्म त्यानंतर बघायची. पहिल्यांदा त्यांना तसं उभं पाहिलं आणि मला थेट आईचा वर्ग आठवला. त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन पोटभर रडले, पण दिल्ली सोडायचा विचार मात्र गेला.

पुढे गुडगाव उगवलं. मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एका नव्या हॉस्पिटलात मी लागले. लॉबी हॉटेलसारखी, मशीन कोरं करकरीत. नातेवाईक नमस्काराच्या आधी विचारायचे, "डॉक्टरसाब, एमआरआय कब होगा?" रेसिडेंटही तसलेच. पेशंटचा चेहरा नंतर बघणार, स्क्रीन आधी. मी सरांची शिस्त तिथे लावली आणि खडूस बाई म्हणून नाव कमावलं. त्याचं मला बिल्कुल वाईट वाटत नाही.

पूनम माझी पहिल्या वर्षाची रेसिडेंट, गुडगावजवळच्या झज्जरकडची. हळू. अरे देवा, किती हळू! इतरांचे तीन पेशंट होईपर्यंत हिचा एक. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, हिला पुढच्या वर्षी ठेवू नका. मीही मान डोलवायच्या बेतात होते.

त्या हिवाळ्यात आई माझ्याकडे आली. बाबा गेल्यापासून मी तिला बोलावत होते. निघण्याआधी तिचं पोट बिघडलं होतं, जुलाबांनी हैराण झाली होती. आल्यावर म्हणाली, पायांना मुंग्या येतात. मला वाटलं, प्रवासाचा शीण. आणि एका सकाळी चहा पिऊन ती खुर्चीतून उठायला गेली, तर उठताच येईना. हसायला लागली. "अगं, पाय माझे ऐकेनात बघ!" मी नाही हसले.

तासाभरात ती माझ्याच वॉर्डात होती. मणक्यात काहीतरी दाबतंय, हेच माझ्या डोक्यात बसलेलं. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजनचा झकास आकडा दाखवत होतं. मी एमआरआयला फोन केला, ट्रॉली मागवली. ड्यूटीवर कोण, तर पूनम. माझ्याच नियमाप्रमाणे आधी तिने तपासायचं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. हात मागे बांधले.

पूनमने पाय उचलायला लावले, मग बोटं, मग टाच. गुडघ्यावर हातोडी मारली, काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. ट्रॉली दारात येऊन थांबली. माझ्या मनात आलं, बाई, आवर ना, ती माझी आई आहे! पूनमने मान तपासली, डोळे तपासले. मग आईला म्हणाली, "आंटीजी, एक साँस में गिनती सुनाओ।" छातीचे स्नायू थकलेत का, हे असं श्वासावरून कळतं.

आईला चेवच आला. "गिनती क्या, मेरेको पाढा आता है, बाई." आणि तिने छातीभर श्वास घेतला. "एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी..."

आणि तिने श्वास घेतला.

पूनमला मराठी येत नव्हतं, पण श्वास तिने बरोबर पकडला. तिचं बोट वर गेलं. "मॅडम, बीच में साँस ली।"

"उमर हो गई है उनकी," मी म्हणाले. "थक गई हैं। चलो, एमआरआय।"

पूनम लालबुंद झाली. पण ट्रॉली आणि खाट यांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आपने ही कहा है, बीच में नहीं बोलना। मेरा एग्ज़ाम पूरा नहीं हुआ।"

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, खरं सांगते. मग मी आईकडे पाहिलं. आईने एकोणतीसच्या पाढ्यात श्वास घेतला होता. जन्मात पहिल्यांदा. तिच्याही ते लक्षात आलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता. ती घाबरलेली मी कधी पाहिलीच नव्हती, बाबांच्या वेळीसुद्धा नाही.

"पूनम, पूरा करो," मी म्हणाले.

तिने पुरं केलं. पोट बिघडल्याचं विचारून घेतलं, मुंग्या कुठून कुठे चढल्या ते विचारलं. तिच्या तपासणीतून चित्र स्पष्ट झालं: मणका नाही, नसाच उघड्या पडल्यात, शरीर स्वतःच्याच नसांवर उठलंय, आणि अशक्तपणा पायांकडून छातीपर्यंत पोचलाय. यात ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत फसवतो. एमआरआयच्या बोगद्यात आई उताणी पडून राहिली असती आणि तिथेच तिचा श्वास थांबला असता. पूनम म्हणाली, "एमआरआय नहीं मॅडम, आयसीयू।" दुपारी आईला व्हेंटिलेटरवर घालावं लागलं. नळी जाण्याआधी तिने माझा हात धरला. मी डॉक्टर आहे, मला सगळं माहीत होतं आणि काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

ते आठवडे मी कसे काढले ते विचारू नका. मशीन तिच्या वतीने श्वास घ्यायचं आणि मी शेजारी बसून पाढा म्हणायचे. दम तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. नळी निघाली, पुढे तिच्यासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राची जखमही भरली, तेव्हा पूनम तपासायला आली. आईने सुरुवात केली आणि सत्त्याऐंशीच्या पुढे अडकली. डोळ्यांत पाणी. पूनमने हळूच बोट वर केलं आणि माझ्याकडून शिकलेलं मराठी वापरलं, "आजी, पहिल्यापासून." आई खवळली. "कळतंय मला! मधे बोलू नकोस!" तेव्हा मला वाटलं, आता ही जगली. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं हा प्रश्न मीटिंगमध्ये आलाच नाही, मी येऊ दिला नाही.

आई परभणीला परत गेली. मी खूप विनवलं, ती ऐकते थोडीच! तुम्ही परभणीकडचे विचारता, परत कधी येणार? इकडे आलेले विचारतात, आता दिल्लीच घर ना? मला एवढंच माहितीय की दर रविवारी सकाळी आईचा फोन येतो. ती तब्येतीचं बोलत नाही. छातीभर श्वास घेते आणि सुटते. मी गुडगावच्या स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून हात मागे बांधून उभी असते. मधे बोलत नाही. तो पाढा पुरा होईपर्यंत मी घरी असते.

"दोनशे नव्वद," आई म्हणते आणि धापा टाकत विचारते, "ऐकलंस ना? मधे घेतला का गं मी?"

"नाही आई," मी म्हणते. "एका दमात."