चार बोटं जास्तीचं कापड

माझी शाळा चौथीत सुटली आणि हातात कात्री आली. पुढं चाळीस वर्षं कऱ्हाडात मी कपडे बेतले. मामलेदारापासून मास्तरांपर्यंत सगळे माझ्यापुढं हात वर करून उभे राहिले. त्यामुळं जपानात इचिकावाला मुलाकडं राहायला आल्यावर, खालच्या मजल्यावरची म्हातारी चालण्याजोगं शिवणयंत्र कचऱ्याच्या जागेवर ठेवून निघाली, तेव्हा मला ते बघवलं नाही. इथं कचऱ्याचे वार ठरलेले असतात आणि मोठ्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवावी लागते. बाईनं चिठ्ठी चिकटवली होती. मी ती सोलली आणि यंत्र लिफ्टमध्ये घातलं.

सून धावत आली. "बाबा, खाली ठेवा ते! इथं कचरा असा उचलत नाहीत."

"कचरा कोण म्हणतं? तेल मागतंय ते."

मग सून कमरेत वाकून माफी मागायला म्हातारीकडं गेली आणि निरोप घेऊन आली. म्हातारीच्या चर्चमध्ये बायका दर गुरुवारी शिवायला बसतात. यंत्र दुरुस्त झालंच तर घेऊन या. म्हणजे चोरी पकडली गेली आणि शिक्षा म्हणून मला चर्चचं बोलावणं आलं.

तेल घालून यंत्र चालू केलं आणि गुरुवारी सुनेला घेऊन गेलो. चर्चमागच्या खोलीत पाच म्हाताऱ्या, चपला दाराशी एका रेषेत. मोठ्या भूकंपानंतर या बायकांनी किनाऱ्यावरच्या लेकरांसाठी शिवायला घेतलं होतं. ती लेकरं मोठी झाली, पण बायकांच्या सुया थांबेनात. आता त्या आफ्रिकेतल्या एका खेड्यासाठी शिवत होत्या. तिथल्या चर्चच्या बायका आईबाप नसलेली पोरं सांभाळायच्या, कुणी घरात दोन ठेवलेली, कुणी तीन. पगार नाही, काही नाही. स्वतःची होती ती वेगळीच. तिथल्या शाळेचा नियम कडक, गणवेश नीट नसेल तर फाटकातूनच परत. अकरा वर्षांची एक मुलगी अशीच घरी बसली होती, कारण अंगातला झगा गुडघ्याच्या फार वर गेला होता.

सुनेनं हे सगळं मला मराठीत सांगितलं आणि मी म्हटलं, तिचा झगा मी शिवणार. का ते विचारू नका. शिंप्याच्या घरात जन्मून फाटक्या चड्डीपायी शाळा सुटलेली माणसं असतात, एवढंच सांगतो.

म्हातारीनं मापाचा कागद पुढं केला. त्यावर इंग्रजी आणि जपानी. पाच बायकांसमोर आपल्याला वाचता येत नाही हे कोण सांगणार? मी कागद बाजूला सारला आणि भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "माप डोळ्यात असतं," म्हटलं.

सुनेनं ते सांगितल्यावर बायकांनी 'हेऽऽ' असा लांब सूर काढला. इथं तो कौतुकाचा असतो आणि नसतोही. मी कौतुकाचा धरला.

फोटोत पोरं दोन रांगांत उभी होती. ही मुलगी मागच्या रांगेत, कडेला. तिच्या शेजारी तिला सांभाळणारी बाई. मुलगी बाईपेक्षा वीतभर उंच! म्हटलं, आफ्रिकेची हाडं आहेत, असेल. बाई पाच फूट धरली आणि कात्री चालवली. आपल्या रिवाजाप्रमाणं खाली आणि बाजूंना चार चार बोटं कापड आत दाबलं.

तिसऱ्या गुरुवारी म्हातारीनं झगा उलटा करून पाहिला.

सून म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, आत एवढं कापड कशाला? जाड दिसतं."

"वाढतं अंग आहे. उसवलं की आणखी दोन वर्षं निघतात. सांग त्यांना, आमच्याकडं असं न करणाऱ्या शिंप्याला आया दुकानात येऊन शिव्या देतात."

"शिव्याही सांगू?"

"नुसत्या आया सांग."

म्हातारीनं ऐकून मान हलवली, झग्यावर टेप ठेवली, शेजारी मापाचा कागद ठेवला आणि हळूच म्हणाली, "चोत्तो..."

"म्हणजे?"

"थोडंसं. बाबा, इथं थोडंसं म्हणून गप्प बसले की प्रकरण मोठं असतं." सून फोटोजवळ गेली. नाक लावून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "मागची रांग बाकावर उभी आहे."

"बाक कुठं दिसतोय?"

"हा बघा पाय. तुमच्या मुलीचा नाही, बाकाचा."

बाई तेवढी जमिनीवर होती. झगा मुलीच्या घोट्याला लागला असता. फाटकावरच्या माणसाला परत पाठवायला तेवढं पुरे होतं. आफ्रिकेला जायचं कपड्यांचं खोकं दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं आणि त्या रंगाचं कापड संपलं होतं. म्हातारीनं कागदाच्या मापावर खडूची रेघ मारली आणि कात्री उचलली. मी झगा छातीशी धरला.

"बाबा, सोडा. चुकलंय ना?"

"चुकलंय. पण हिनं कापलं तर पोरगी पुढल्या वर्षी पुन्हा घरी."

सुनेनं हे सांगितलं. म्हातारीनं कात्री ठेवली, झगा मागून घेतला, खांद्यावर एक दुमड घातली, कमरेला एक, आणि टाचण्या लावल्या. झगा एकदम मापात. सून म्हणाली, म्हातारीच्या आईनं तिच्या लहानपणी किमोनो असेच शिवले होते. मोठा बेतायचा, दुमडून हातानं धावदोरा घालायचा आणि पोर वाढेल तसा ओढून काढायचा.

म्हणजे वाढत्या अंगाचं म्हातारीला सगळं ठाऊक होतं! मग माझ्या चार बोटांवर नाक का मुरडलं?

"त्या म्हणतायत, किमोनोची गोष्ट वेगळी. गणवेश कागदाप्रमाणंच हवा."

हट्टी बाई. माझ्यासारखीच, फक्त वाकून हट्ट करते.

बाहेरून दिसणारा धावदोरा मी उभ्या जन्मात घातला नव्हता, माझ्याकडं तो शिकाऊ पोराचं काम. पण मुलगी माझी होती. पाच म्हाताऱ्या बघत होत्या, चष्मा घसरत होता, सुईत दोरा जाईना. शेवटी म्हातारीनंच ओवून दिला. मी आभार मानले नाहीत, तिनं अपेक्षाही केली नाही.

खोकं बोटीनं गेलं. उत्तर यायला कित्येक महिने लागले. सुनेनं सगळ्यांसमोर पत्र वाचलं. मुलगी शाळेत जातेय. मापाचा कागद आदल्या वर्षीचा होता, तो बदलायचा राहिला म्हणून तिथल्या बाईनं माफी मागितली होती. झगा पोचला तोवर मुलगी इतकी वाढली होती, की कमरेची दुमड आल्या दिवशीच काढावी लागली. खांद्याची अजून आहे.

मी पत्राकडं बघितलं, मग म्हातारीकडं. ती सुईत दोरा ओवत होती, फारच मन लावून.

"सांग त्यांना," मी सुनेला म्हटलं, "डोळ्याचं माप."

"बाकाचं सांगू?"

"नको."

पत्राबरोबर नवा फोटो होता आणि मापांचा नवा कागद. पोरं पुन्हा दोन रांगांत. मी कागद सुनेपुढं सरकवला.

"वाच. आणि आधी पाय बघ."