आत्याबाईंच्या दारावरची पाटी

ऑफिसात सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, कारण चूक दिसली की त्या सख्ख्या आत्यासारख्या झापत. त्यांच्या आधीचे थोरले साहेब दार सताड उघडं ठेवून बसायचे. कुणीही यावं, अडलेलं विचारावं, वर चहा प्यावा. त्यांची खुर्ची मिळाली त्याच दिवशी आत्याबाईंनी दारावर पाटी लावली: ‘आधी मेल करा.’

एकदा नवी आलेली प्रोग्रामर लॅपटॉप घेऊन तशीच आत घुसली. लिहिलेला प्रोग्राम नियमात बसतो का ते तपासणारा कंपाइलर तिचा प्रोग्राम काही केल्या स्वीकारेना. आत्याबाईंनी स्क्रीन पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“अगं, मूळ क्लासमध्ये ही मेथड पब्लिक आहे, सगळ्यांना खुली. त्यावरून काढलेल्या तुझ्या क्लासमध्ये तू ती प्रायव्हेट केलीस!”

“सारखं कुणी ना कुणी ती वापरतं, म्हणून बंद केली.”

“वा गं शहाणे! मूळ क्लास म्हणजे आई, तुझा क्लास तिची लेक. आईनं सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं दार लेकीला लावून घेता येत नाही. आतला कारभार खुशाल आपल्या पद्धतीनं कर. पण लोक आईच्या भरवशावर येतात, त्यांना दारातून परत पाठवायचं नाही. कंपाइलर ते चालूच देत नाही.”

पोरीनं मान डोलावली आणि दाराकडे बघत विचारलं, “मग थोरल्या साहेबांच्या दारावर ती पाटी कशी चालली?”

आत्याबाई लालबुंद झाल्या. मग खो खो हसत उठल्या आणि त्यांनी पाटी ओढून काढली. “माझ्यावर कुठं कुणी कंपाइलर बसवलाय!”

आता दार सताड उघडं असतं. थोरले साहेब आलेल्याला चहा पाजायचे, आत्याबाई आधी झापतात. पण परत कुणालाच पाठवत नाहीत.