पूर्वेकडे तोंड करून काढलेला नकाशा

रोज सकाळी बेसी अताकाई दार उघडून उंबऱ्याशी लोखंडी खुर्ची टाकायची, काळ्या कॉफीचा पहिला घोट घ्यायची आणि पवनचक्कीकडे बघायची. चक्की फिरत असेल तर मेंढ्यांच्या हौदात पाणी येणार. नसेल तर नातीला पिकअप घेऊन पिंपं भरायला पाठवावं लागणार. दार पूर्वेला. अमेरिकेतल्या नव्हाहो आदिवासींच्या घराचं दार पूर्वेलाच असतं, आणि बेसीच्या सगळ्या दिशा त्या दारातूनच निघायच्या. समोर सूर्य आणि पवनचक्की, उजव्या हाताला रस्ता, पाठीमागे कोरडा ओढा.

घराला नंबर नव्हता. गल्लीच नव्हती, तर नंबर कुठून येणार? पत्रं चाळीस मैलांवरच्या दुकानातल्या पेटीत यायची. दोन वर्षांपूर्वी त्या पेटीत मतदार नोंदणीचा नवा फॉर्म आला. पत्त्याच्या जागी एक चौकोन होता: घर कुठे आहे ते काढून दाखवा. बेसीनं उभ्या आयुष्यात शंभरेक गालिचे विणले होते. तिनं नेटका नकाशा काढला. वर पवनचक्की, मध्ये घर, उजवीकडे रस्ता, खाली ओढा. चौकोनाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण छापलेला होता. तो तिला नक्षीतला वाटला. कचेरीत कुणीतरी तो कागद उत्तर वर आहे असं समजून वाचला, आणि ओढ्याच्या पूर्वेचं घर उत्तरेला जाऊन बसलं.

हे कळलं ते २०१६ च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या दिवशी, दुपारी साडेचारला.

चॅप्टर हाउस म्हणजे नव्हाहो वस्तीचं पंचायत-घर, तिथंच मतदान केंद्र होतं; त्याच्याबाहेर बायका मटणाचा रस्सा आणि तळलेल्या भाकऱ्या विकत होत्या. आत दुभाष्याच्या खुर्चीवर विल्बर्ट क्लॉ होता. इंग्रजी न वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना मतपत्रिका समजावून सांगणं हे त्याचं काम. तो बेसीच्याच कुळातला, म्हणून तिला मावशी म्हणायचा.

“विल्बर्ट, माझं मत थेट त्या माणसाला जातं का रे?”

“मावशी, दर चार वर्षांनी तू हेच विचारतेस. थेट नाही जात. आपल्या ॲरिझोनाचे अकरा प्रतिनिधी. राज्यात ज्याची मतं जास्त, अकराच्या अकरा त्याचे. डिसेंबरात ते अकरा जण मत देतात.”

“म्हणजे एका मेंढीनं पुढे असला तरी अख्खा कळप त्याचा?”

“अख्खा.”

“मग ती एक मेंढी मी. बघ यादी.”

विल्बर्टनं यादी दोनदा पाहिली. मग बाहेर जाऊन फोन केला. परत आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

“तुझं नाव ओढ्यापलीकडच्या केंद्रावर आहे. रस्त्यानं सत्तर मैल. इथे तात्पुरतं मत देता येईल, पण ते पाकिटात बंद राहतं. नंतर तपासतात, आणि नाव दुसरीकडे निघालं की रद्द करतात.”

“राष्ट्राध्यक्षाचंही?”

“सगळंच.”

“आजी, चल घरी,” नात शॉनेल म्हणाली. “सात वाजता केंद्र बंद होतं. एका मतानं काय होतंय?”

बेसीचे वडील युद्धावरून परतले तेव्हा या राज्यात आदिवासींना मत नव्हतं. ते १९४८ साली मिळालं. ती स्वतः १९६४ साली नाव नोंदवायला गेली, तर टेबलामागच्या माणसानं राज्यघटनेचा इंग्रजी परिच्छेद पुढे सरकवला आणि वाच म्हणाला. बोर्डिंग शाळेत दोनच वर्षं काढलेली बेसी तिसऱ्या शब्दाला अडली. त्यानं कागद काढून घेतला. पुढे ती परीक्षा बंद झाली, आणि १९७२ पासून बेसीनं एकही राष्ट्राध्यक्ष चुकवला नव्हता. ती शॉनेलकडे वळली.

“पेट्रोल किती आहे?”

“अर्धी टाकी.”

“मग बसलीस काय?”

वाटेत अंधार पडला. खडबडीत रस्त्यानं पिकअपचा एकेक खिळा वाजत होता. त्या पोचल्या तेव्हा सातला दहा मिनिटं होती.

“मी इथली नाही,” बेसीनं टेबलाशी पोचताच सांगून टाकलं. “तुमचा कागद तसं म्हणतो.”

“यादीत नाव आहे ना, आजी? मग सही करा,” टेबलावरची मुलगी म्हणाली.

मतपत्रिका लांबलचक होती. बेसीनं राष्ट्राध्यक्षाचा गोल काळा केला, सिनेटरचा केला, राज्यानं मताला टाकलेल्या प्रश्नांचे केले. शाळा समितीपाशी तिचं पेन थांबलं.

“आजी, अजून बरंच राहिलंय,” तिथली दुभाषी बाई म्हणाली.

“शाळा तुमची, पोरं तुमची. त्यांचं मी कोण ठरवणार?”

“आणि राष्ट्राध्यक्ष?”

“तो सगळ्यांचा. आवडो न आवडो.”

यंत्रानं कागद आत ओढून घेतला. मग बेसीनं नोंदणीचा नवा फॉर्म मागितला आणि चौकोनात पुन्हा तोच नकाशा काढला.

“आजी, उत्तर वर हवी,” मुलगी हळूच म्हणाली.

“माझं दार इकडे आहे.”

तिनं पवनचक्कीच्याही वर उगवता सूर्य काढला, गालिच्यावर काढतात तसा, किरणांसकट. “आता वाचता येईल?”

मुलीनं कागद आडवा केला, मग हसली. “आता येईल.”

अकरा प्रतिनिधी कुणाकडे गेले ते बेसीनं रेडिओवर ऐकलं आणि रेडिओ बंद केला. आपलं मत कुणाला होतं, हे तिनं शॉनेललाही सांगितलं नाही. फेब्रुवारीत नोंदणीचं कार्ड आलं. त्यावर तिच्या स्वतःच्या चॅप्टर हाउसचं नाव होतं. ते तिनं शॉनेलकडून दोनदा वाचून घेतलं आणि घड्याळामागे खोचून ठेवलं.

मार्चमधल्या एका सकाळी तिला उठवेना. आजाराबद्दल, मरणाबद्दल आम्हा नव्हाहोंत फार बोलत नाहीत. शॉनेलनं दार उघडलं, कॉफी ठेवली, खुर्ची मात्र टाकली नाही.

“चक्की फिरतेय का गं?” बेसीनं आतून विचारलं. “नसेल तर जा, पिंपं भरून आण.”